आप्पा टेलरांचे स्पेनकर

मानवतच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दोन दुकानांच्या बेचक्यात एक अरुंद दार आहे. आत एक शिलाई मशीन, कापड बेतायची फळी, भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांना लोकांनी शिवायला टाकून न्यायचे विसरलेले सदरे. दारावर पाटी नाही. तिची गरज कधी पडली नाही. आप्पा टेलर म्हटलं की एसटीचा कंडक्टरसुद्धा पत्ता सांगतो.

आप्पांचं नाव गुरुसिद्धप्पा. वय चौऱ्याहत्तर. अंगात स्वतः शिवलेला पांढरा सदरा, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माची तीन बोटं. बोलणं हळू. समोरचा बोलत असला की त्यांचे ओठ किंचित हलतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा जप करतोय. तसं काही नसतं. पुढचा शब्द माणसाला सुचला नाही तर आपल्याकडे तयार असावा, म्हणून ते आधीच जुळवून ठेवत असतात. पन्नास वर्षांची सवय आहे ती. आप्पा आमच्या गावच्या नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर.

मी स्वतः सतराव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीत गेले आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा भावाच्या घरी मानवतला परत आले. चांगले नट पाहिले, मोठे नट पाहिले, स्वतःला मोठे समजणारे तर पोत्याने पाहिले. पण नाटकावर आप्पांइतका जीव लावणारा माणूस मला भेटला नाही. आणि हा माणूस पन्नास वर्षांत एकदाही प्रेक्षकांसमोर आला नाही. विंगेत एका तीन पायांच्या स्टुलावर मांडीवर वही घेऊन बसायचं आणि ज्याचा शब्द अडला त्याला तो पुरवायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांची कुजबुज नटाच्या कानात सुईच्या नेढ्यात दोरा जावा तशी जाते. पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागत नाही.

त्यामुळे एक झालं. आमच्या मंडळात पाठांतर नावाचा प्रकारच उरला नाही. आमचा मुख्य नट योगीराज, त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तालमीला येताना तो संहिता घरी ठेवून येतो.

"पाठ कशाला करावं माणसानं?" तो म्हणतो. "देवानं तोंड दिलंय, आन् आप्पा दिलेत."

आता स्पेनकरांविषयी सांगते.

आप्पा तिशीत होते तेव्हा परभणीला अस्तराचं कापड आणायला गेले होते. स्टेशनजवळ रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड हिंदी पुस्तक दिसलं. वरचा पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गेलेली. उरलेल्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एवढंच होतं: 'मूल स्पेनी से अनूदित'. आत चार नाटकं. लेखकाचं नाव कुठेच नाही. गावात आल्यावर कुणीतरी विचारलं, कुणाची नाटकं? आप्पा म्हणाले, "स्पेनकरांची." तेव्हापासून ते आमच्याकडे स्पेनकरच आहेत, जसे मानवतकर, पाथरीकर, जिंतूरकर. पुढे मोबाईल आले. निकिता, आमच्या मंडळातली शाळेत शिकवणारी पोर, एकदा म्हणाली, "आप्पा, नाव शोधून देऊ का?" आप्पांनी हात जोडले. "राहू दे, बाळ. चाळीस वर्सं वळख हाय. आता नाव इचारलं तर बरं दिसंल का?"

त्या चार नाटकांत राजे नव्हते, तलवारी नव्हत्या, गाणी तर नव्हतीच. एका नाटकात कापणीच्या दिवसांत शाळा ओस पडते आणि मास्तर रिकाम्या बाकांना धडा शिकवतो. एकात दोन बहिणी आणि एक विहीर. एकात भाड्याच्या खोलीतून बाहेर काढलेली विधवा. आणि चौथ्यात एका गिरणीत यंत्राखाली मेलेला तरुण, त्याची म्हातारी आई, आणि 'तो दारू प्यालेला होता' असं लिहिलेल्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला आलेला मालकाचा माणूस. ह्या चौथ्यावर आप्पांचा जीव जडला. आमच्याकडे कापसाच्या जिनिंग आहेत. सरकीची धूळ छातीत भरून घरी येणारी माणसं आप्पांच्या दुकानावरून रोज जायची. "बाई," ते मला म्हणाले होते, "ह्या माणसानं आमची गल्ली कवा बघितली आसंल हो?"

ते नाटक त्यांनी मराठीत आणलं, पण कसं? मशीन चालवता चालवता. शिवायला आलेल्या बायकांना ते वाक्य म्हणून दाखवायचे. "अक्का, लेकरू मेलेली बाई आसं म्हनंल का?" बाया सांगायच्या, "न्हाई वो आप्पा, ती कशाची एवढी लांब बोलतीय? ती गप बसंल." मग आप्पा वाक्य उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. शेवटचा निकाल घरात, बायको बसम्माकडे. बसम्मा चौथीपर्यंत शिकलेल्या. स्वयंपाक करता करता ऐकायच्या आणि पसंत नसलं की कढईवर झारा आपटायच्या. आप्पा सांगतात, पहिला अंक बावीस झाऱ्यांत झाला. पुढे बाकीची तीनही त्यांनी अशीच वह्यांत उतरवली आणि तोंडपाठ केली, पण ती कधी रंगमंचावर आली नाहीत.

एक अडचण होती. स्पेनात माणसं पुरतात आणि नाटक त्या दफनाभोवती फिरतं. मंडळातले म्हणाले, आपल्याकडं तर जाळतेत, हे कसं जमावं? आप्पा म्हणाले, "आमच्यात माती देतेत की." झालं. स्पेनमधलं ते कुटुंब लिंगायत झालं आणि बेमालूम झालं.

नाटकाचं नाव आप्पांनी ठेवलं होतं 'मीठ कमी हाय'. ते का, हे कळायला त्यातला एक प्रवेश सांगायला हवा. मालकाचा माणूस, म्हणजे मुकादम, कागद घेऊन दारात उभा आहे. म्हातारीच्या अंगठ्याला शाई लावून झालेली आहे. तेवढ्यात शेजारीण निल्लव्वा भाकरी-पिठल्याची टोपली घेऊन येते, कारण मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. म्हातारी दोन दिवसांची उपाशी. ती तशीच काळ्या अंगठ्यानं घास मोडते, तोंडात घालते आणि म्हणते, "मीठ कमी हाय." मग मुकादमाकडे बघून म्हणते, "तू बी बस बाबा, सकाळधरनं उभा हायस." मुकादम अवघडतो. पण भूक त्यालाही आहे. तो बसतो. कागद खाली ठेवतो, त्यावर ताटली ठेवतो. पिठल्याचं पाणी उतरतं आणि कागद भिजून जातो. कुणी फाडत नाही, कुणी आरडत नाही. अंगठा तेवढा राहून जातो.

मी कंपनीत असताना तीनशे वेळा विष प्याले, चारशे वेळा सती गेले. पण ह्या एका घासाइतकं अवघड काम मला कुणी दिलं नव्हतं. ही म्हातारी मी करायची, असं ठरलं तेव्हा मी बहात्तर वर्षांची होते. मेकअपचा खर्च वाचला.

मागच्या दिवाळीनंतर तालमी सुरू झाल्या आणि म्हातारीचं झंपर आप्पांनी शिवून आणलं. घरी घालून बघते, तर एका बाजूला पाच हुक आणि दुसऱ्या बाजूला ते अडकवायला फासे चारच. त्यातला एक उलटा. आप्पा टेलरांच्या हातचं! मी दुपारी दुकानात गेले. आप्पा सुईत दोरा ओवत होते. दोरा सुईच्या इकडून तिकडून जात होता, आणि त्यांची नजर तिसरीकडेच होती, दारातल्या उजेडाकडे.

"आप्पा," मी म्हटलं, "कवापासून?"

त्यांनी विचारलं नाही, काय कवापासून. सुई सदऱ्याच्या कॉलरला टोचून ठेवली.

"आखाडापासनं. काचबिंदू हाय म्हनले डॉक्टर. गेलेलं येत न्हाई, आसलेलं टिकवायचं. माणूस दिसतोय सावलीवानी. अक्षर न्हाई दिसत."

"मग विंगेत कसं करताय?"

"नाटक पाठ हाय की. तीस वर्सं तेच करायलाव. वही निस्ती मांडीवर."

मी झंपर पिशवीत परत ठेवलं. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

"कुसुमबाई, मशीन सुटली तर सुटू द्या. पोराचं बरं चाललंय पुण्याला, दोघान्ला पुरतंय. पर हे कळलं तर मला स्टुलावरनं उठवतील. आंधळा प्रॉम्प्टर कोन ठिवंल? मी घरी बसून काय करू? लोक बोलतेत, मग मी हाय. कुनाला सांगू नगा."

मी सांगितलं नाही. बसम्माला अर्थातच ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "मी बी बोलले न्हाई बाई. त्यांचं स्टूल गेलं तर दिवसभर माझ्या मागं मागं फिरतेल."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बजरंग आला.

बजरंग हा आमचा दिग्दर्शक. वय अठ्ठावीस. छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकून आलेला, दाढी राखलेला, कष्टाळू आणि मनाचा सरळ. त्याला परभणीच्या एका नाट्यस्पर्धेत आमचं नाटक न्यायचं होतं. वेळेची मर्यादा दीड तास. आमचं नाटक भरत होतं पावणेदोन. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी तो संहिता टाइप करून, टाचून घेऊन आला. मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत नाव होतं: 'मौनाच्या ज्वाला'.

"हे कुनाचं नाटक म्हणायचं?" योगीराजनं विचारलं.

"आपलंच," बजरंग म्हणाला. "थोडं आवळलंय. आणि भाषा प्रमाण केली. परीक्षक बाहेरचे असतात."

भाकरीचा प्रवेश गेला होता. "मयताच्या घरात लोक हसतात त्या जागी," बजरंग मला समजावत होता, "करुण रस तुटतो, ताई. त्याऐवजी तुम्हाला दोन पानांचं स्वगत दिलंय. म्हातारी कागद फाडते आणि समाजाला प्रश्न विचारते." मी वाचलं. 'हे शोषणाच्या अग्निकुंडात भस्मसात होणाऱ्या जीवांनो' इथून सुरुवात होती. शेजारणीला, म्हणजे निकिताला, फक्त झाकलेली टोपली घेऊन मागे उभं राहून रडायचं होतं.

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी संहिता घेतली, पानं चाळली. मला कळत होतं ती कशी चाळली ते. म्हणाले, "पोरानं मेहनत घेतलीय. होऊ द्या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमाला वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं. पर हुज्जत घातली तर तो म्हनंल, दाखवा कुठलं वाक्य खटकायलंय. मी कुठलं दाखवू?"

मग दोघा नवरा-बायकोनं एक उद्योग मांडला. रोज दुपारी जेवणं झाली की बसम्मा टाइप केलेली संहिता मोठ्यानं वाचायच्या आणि आप्पा ऐकून पाठ करायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पंधरा दिवसांत नवं नाटक! माझ्या कंपनीतल्या एकाही नायकाला हे जमलं नसतं. तालमीत एक शब्द चुकत नव्हता. फक्त माझ्या स्वगतापाशी ते थबकायचे, पण ते मला यायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मला येत होतं कारण बजरंगनं घरी येऊन मला ते एकवीस वेळा म्हणायला लावलं होतं.

ती थबकण्याची भानगड मला नंतर कळली. बसम्मांनी ती दोन पानं वाचलीच नव्हती. 'शोषणाच्या अग्निकुंडात' इथवर जाऊन जीभ अडखळली. एवढी जोडाक्षरं बघून त्या म्हणाल्या, हे काय तुमच्या कामाचं न्हाई, कुसुमबाईंचं हाय, त्यांचं त्या बघतेल. आणि पान उलटलं.

स्पर्धेत आमचा नंबर दुपारी एकचा होता. सकाळी जीपनं निघालो. मध्ये सेट, मेकअपची पेटी, आप्पांचं स्टूल, आणि बसम्मा. त्या कधी प्रयोगाला येत नाहीत, पण त्या दिवशी आल्या. आप्पांना विंगेपर्यंत हाताला धरून न्यायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात न येता करायला बायकोइतकं सोयीचं कुणी नाही. येताना त्यांनी सगळ्यांचं जेवण करून आणलं होतं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, वर ताटल्या. घरात टोपली एकच, तीही बजरंगनं नाटकासाठी मागून घेतलेली. म्हणून जेवण टोपलीतच ठेवलं आणि वर नाटकातलं फडकं झाकलं. "प्रयोग झाला की लगीच बसू," त्या म्हणाल्या.

तिसरी घंटा झाली. पडदा गेला. पहिला अंक बरा झाला, स्वच्छ झाला, पण सभागृहातून आवाज म्हणून नाही. लोक आमच्याकडे शाळेतल्या बक्षीस समारंभासारखं बघत होते. मग तो प्रवेश आला. योगीराज मुकादम होऊन कागद घेऊन उभा राहिला. माझ्या अंगठ्याला शाई लागली. निकिता टोपली घेऊन मागे उभी राहून हुंदके द्यायला लागली. मी कागद हातात घेतला, प्रेक्षकांकडे वळले, तोंड उघडलं.

आणि काही नाही. एकवीस वेळा म्हटलेलं स्वगत धुऊन निघालं होतं.

रंगमंचावरचे दोन क्षण म्हणजे दोन प्रहर. मी विंगेकडे पाहिलं. आप्पा स्टुलावर ताठ बसलेले. समोरच्या विंगेत बजरंग, दोन्ही हात हलवत, घशातल्या घशात ओरडत होता, "आप्पा, पान एकवीस! पान एकवीस!"

आंधळ्या माणसाला पान एकवीस काय आणि एकशे एकवीस काय. त्यांच्या मांडीवरची संहिता मला दिसत होती. मुखपृष्ठावरच्या ज्वाला खाली डोकं वर पाय झालेल्या. ती बजरंगलाही दिसली. त्याचे हात हवेतच थांबले.

आप्पांचे ओठ हलले, थांबले. त्यांच्याजवळ ते स्वगत नव्हतंच. मुकादम कागद घेऊन उभा, म्हातारीच्या अंगठ्याला शाई, शेजारीण टोपली घेऊन आलेली. इथून पुढे त्यांना एकच वाट माहीत होती. तीस वर्षं पायाखालची. आणि तो दोरा सुईतून आला:

"टोपली हिकडं दे, निल्लव्वा. दोन दीस झाले, पोटाला काई न्हाई."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. प्रॉम्प्टरनं दिलेलं वाक्य खाली पडू द्यायचं नाही. ते चूक असो, दुसऱ्या नाटकातलं असो. मला माहीत होतं हे कापलेल्या प्रवेशातलं आहे. मी कागद योगीराजच्या हातात परत दिला, खाली बसले आणि म्हटलं, "टोपली हिकडं दे, निल्लव्वा."

निकिता हुंदका अर्धा सोडून माझ्याकडे बघायला लागली. आप्पांनी तिला तिचं वाक्य दिलं. ती आली, टोपली ठेवली. मी फडकं काढलं, आणि आत खरीखुरी भाकरी! पिठल्याचा वास थेट पहिल्या रांगेत गेला असावा, कारण तिथे एक माणूस पुढे सरकून बसला. मी काळ्या अंगठ्यानं घास मोडला. खाल्ला. 

"मीठ कमी हाय," मी म्हटलं.

आधी मागून कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. मग ते हसू जसं आलं तसं आपोआप खाली बसलं, आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. मी योगीराजला म्हटलं, "तू बी बस बाबा. सकाळधरनं उभा हायस." योगीराज खरोखरच सकाळपासून उपाशी होता. तो असा बसला, आणि असा जेवला, की आजवर त्यानं इतका खरा अभिनय केला नाही. कागदावर ताटली, ताटलीतून पिठलं. बजरंगची प्रमाण भाषा तिथून पुढे कुणालाच आठवली नाही. आप्पा एकेक वाक्य पुरवत गेले आणि आम्ही शेवटपर्यंत आमच्या गावच्या बोलीत बोललो.

चौदा मिनिटं जास्त झाली. नियम तो नियम. आमचं नाटक स्पर्धेतून बाद झालं.

मेकअपच्या खोलीत परीक्षकांपैकी एक बाई आल्या. त्यांचे डोळे लाल होते. "ती जेवणाची कल्पना कुणाची?" त्यांनी बजरंगला विचारलं.

बजरंग कोपऱ्यात उभा होता. "स्पेनकरांची," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

परतीच्या जीपमध्ये सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. बजरंग ड्रायव्हरशेजारी, समोर बघत. टोपली रिकामी होती. उरलेली भाकरी योगीराजनं रंगमंचावरच संपवली होती. बसम्मांनी टोपलीत डोकावून पाहिलं.

"साऱ्या परभणीला सांगितलं, माझ्या पिठल्यात मीठ कमी हाय म्हनून."

"वैनी, मीठ बराबर होतं," योगीराज म्हणाला. "मी दोनदा खाऊन खात्री केलीय."

 आप्पा उजेडाच्या बाजूला तोंड करून बसले होते. मग म्हणाले, "बजरंग, माझी चूक झाली. मला दिसत न्हाई. आखाडापासनं. तुज्यापास्नं लपवलं. तुजं बक्षीस माज्यापाई गेलं. पुढच्या खेपंला दुसरा माणूस बघ."

"दुसरा बघितला तर मला पाठ करावं लागंल की!" योगीराज घाईनं म्हणाला.

 मानवत आलं. दुकानापाशी जीप थांबली. बसम्मांनी आप्पांना हात देऊन उतरवलं. एरवी ते स्टूल मंडळाच्या सामानाबरोबर योगीराजच्या गोदामात जातं. आप्पा जीपच्या मागच्या बाजूला आले, चाचपडत स्टुलाचा पाय धरला.

"हे हितंच राहू द्या आता. दुकानात बसायला हुईल."

एवढं वाकून ते स्टूल ओढणारे आप्पा मला बघवेनात. मी तोंड फिरवलं. तेव्हा दार उघडल्याचा आवाज आला. बजरंग उतरून मागे आला होता. त्यानं स्टुलाचा दुसरा पाय धरला.

"स्टूल खाली काढू नका, आप्पा."

"आरं, मला दिसत न्हाई म्हनलं ना."

"मला दिसतंय ना. तरी त्या भाकरीत काय आहे ते तुम्हाला दिसलं, मला नाही." मग आवाज सावरून तो म्हणाला, "तुमच्या बाकीच्या तीन वह्या कुठेत?"

"पेटीत. काहून?"

"तुमचं अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागत नाही. आणि तुम्हाला ते दिसत नाही. मग ती नाटकं गेलीच म्हणायची का?"

दुसऱ्या दिवसापासून बजरंग दुपारी दुकानात यायला लागला. मशीनच्या फळीवर कोरी वही. आप्पा सांगायचे, तो लिहायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं दोनदा 'परंतु' लिहिलं. बसम्मा शेजारी शेंगा फोडत बसायच्या. तिथे झारा नव्हता, म्हणून त्यांनी अडकित्ता आपटला. तिसऱ्या आठवड्यात त्याचं 'परंतु' गेलं. विहिरीवरच्या दोन बहिणी उतरल्या, रिकाम्या बाकांचा मास्तर उतरला. विधवा अजून खोलीतच आहे. आप्पा म्हणतात, तिला घाई करू नका.

बसवेश्वर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, मोंढ्यातल्या धान्याच्या शेडमध्ये आम्ही नाटक केलं. कापसाचा हंगाम संपलेला, जिनिंग बंद, माणसं मोकळी. बाया लेकरं घेऊन पोत्यांवर बसल्या. बोर्डावर खडूनं 'मीठ कमी हाय'. त्या प्रवेशाला पुढच्या रांगेतली एक बाई मला मोठ्यानं म्हणाली, "खा माय, खा, त्याच्याकडं बघू नगंस!" पन्नास वर्षांत अनेक टाळ्या घेतल्या. ती एक बाई सगळ्यांवर भारी पडली.

पण मला सांगायचं आहे ते पडदा जायच्या आधीचं. विंग म्हणून दोन ताडपत्र्या लावल्या होत्या. त्यातल्या डावीकडच्या ताडपत्रीआड तीन पायांचं स्टूल, स्टुलावर आप्पा, नवा कडक इस्त्रीचा सदरा. आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं, वहीची गरज नव्हती, तरी जुनी वही मांडीवर होतीच. शेजारी पोत्यावर बसम्मा. त्यांनी वहीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला.

"आवो, उलटी हाय. लोक बघायलेत. सुलटी धरा की."

आप्पांनी वही तशीच घट्ट धरली.

"राहू दे, बसम्मा. सुलटी धरली की मला आठवत न्हाई."